सिंड्रेलाचा बाप कुठे होता?

सोलापुरात मराठी शाळेत शिकवायचं म्हणजे एका वर्गात चार भाषा घेऊन बसायचं. घरी तेलुगू बोलणारी पद्मशाली पोरं, अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी, दखनी बोलणारी, आणि उरलेली मराठी. पाचवी-सहावीच्या या वर्गात शनिवारची शेवटची तासिका मी गोष्टींना देते. एकच परीकथा घ्यायची, ती वेगवेगळ्या मुलखांत कशी सांगतात ते ऐकायचं आणि एकमेकींशी ताडून पाहायचं. सगळ्यांत जास्त वेळा घेतली ती सिंड्रेला. त्यातून जे हाती लागलं ते खाली आकडे घालून मांडते आहे. आकडे सोयीसाठी आहेत, महत्त्वाचा क्रम तो नव्हे.

१. आधी मुलांची सिंड्रेला ऐकावी

ही गोष्ट सगळ्यांना येते, म्हणूनच ती घ्यावी. पण पहिल्या शनिवारी आपण तोंड उघडू नये. एकानं सुरू करायची, तो अडला की दुसऱ्यानं उचलायची. थोड्याच वेळात भांडणं लागतात. बहिणी दोन की तीन? उंदरांचे घोडे झाले, मग गाडीवान कशाचा? बूट पडला तो पायरीवर की दारात? एका मुलाच्या राजवाड्यात मेजवानीला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी होती. वर्ग हसला. मी मात्र ती चटणी फळ्यावर लिहिली, कारण गोष्ट एका गावाहून दुसऱ्या गावी जाते तेव्हा नेमकं हेच होतं.

मुलांची सिंड्रेला बहुतेक वेळा डिस्नेच्या १९५० सालच्या सिनेमातून आलेली असते, आणि सिनेमा आला आहे शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाच्या १६९७ साली पॅरिसात छापलेल्या गोष्टीवरून. भोपळ्याची बग्गी, धर्ममाता परी, बाराचे ठोके, काचेचा बूट हा सगळा ऐवज पेरोचा. एवढं सांगितलं की प्रश्न ठरलेला: “बाई, मग खरी कुठली?”

याचं उत्तर मी देत नाही. फळ्यावर ३४५ हा आकडा लिहिते. मरियन रोल्फ कॉक्स नावाच्या इंग्रज अभ्यासक बाईंनी १८९३ साली सिंड्रेला आणि तिच्या जवळच्या कथांची इतकी रूपं गोळा करून पुस्तक काढलं. इंटरनेट नसताना, हे वेगळं सांगावं लागतं. ३४५ ऐकल्यावर ‘खरी कुठली’ हा प्रश्न आपोआप थोडा सैल पडतो. पुरता सुटायला मात्र अर्धं वर्ष जातं.

२. तक्ता सगळ्यांत शेवटी

साम्य आणि फरक असे दोन रकाने आखून द्यायचे आणि मुलांनी भरायचे, हा प्रकार शिक्षकांना फार आवडतो. तपासायला सोपा जातो. पण रकाना समोर असला की मुलं गोष्ट ऐकतच नाहीत, रकाना भरण्यापुरतं टिपतात. ‘तिकडे राजपुत्र, इकडे राजा’ असं लिहून मोकळी होतात. तुलना करायची तर दोन्ही गोष्टी आधी पोटभर ऐकलेल्या हव्यात, कागद-पेन्सिल दप्तरात ठेवून.

म्हणून सिंड्रेलाचंच एक रूप असलेली येशिएनची गोष्ट मी पूर्ण तास लावून सांगते. नवव्या शतकात, थांग राजवटीत, द्वान छंगशर नावाच्या चिनी अधिकाऱ्यानं ती लिहून ठेवली. म्हणजे पेरोच्या आठशेहून जास्त वर्षं आधी. डोंगरातल्या एका टोळीच्या म्होरक्याला दोन बायका. एक मुलगी मागे ठेवून वारते, पुढे बापही जातो. सावत्र आई पोरीला जिथे भीती वाटावी अशा रानात लाकडं तोडायला आणि खोल पाण्यावर पाणी भरायला पाठवते. तिथे येशिएनला एक मासा सापडतो. दोन बोटांएवढा, लाल परांचा, सोनेरी डोळ्यांचा. ती त्याला भांड्यात ठेवते, मोठ्या भांड्यात ठेवते, शेवटी तळ्यात सोडते. ती काठावर आली की तो डोकं वर काढतो, दुसरं कुणी आलं की नाही. सावत्र आई तिचे फाटके कपडे अंगावर चढवून तळ्यावर जाते, मासा फसून वर येतो, ती त्याला मारते, शिजवून खाते आणि हाडं उकिरड्यात पुरते.

इथे वर्गात नेहमी खळबळ होते. काचेच्या बुटासाठी कुणी हळहळत नाही, माशासाठी हळहळतात. मग आकाशातून एक माणूस उतरतो. परीसारखा नटलेला नाही. केस विस्कटलेले, अंगावर जाडंभरडं. तो सांगतो, हाडं उकरून खोलीत ठेव आणि हवं ते त्यांच्याकडे माग. पुढे जत्रा, खंड्याच्या निळ्या पिसांचा झगा, सोन्याचे जोडे, घाईत हरवलेला एक जोडा. तो विकत विकत एका बेटाच्या राजाकडे पोचतो. केसासारखा हलका, दगडावर टाकला तरी वाजत नाही, आणि राज्यातल्या सगळ्यांत लहान पावलालाही बोटभर तोकडा.

लग्नानंतरचा भाग मात्र कुठल्याच मुलाला ठाऊक नसतो. राजा हावरा निघतो. हाडांकडे रत्नं मागत सुटतो. वर्षभरानं हाडं उत्तर देणं थांबवतात. मग तो ती समुद्रकाठी पुरतो आणि भरतीच्या लाटा ती घेऊन जातात. “म्हणजे लग्न करून फसलीच की ती,” असं एक मुलगी म्हणाली होती. हे वाक्य कुठल्या रकान्यात बसलं असतं?

३. एक वस्तू धरून चालावं

सबंध गोष्ट दुसऱ्या सबंध गोष्टीशी ताडून पाहणं दहा वर्षांच्या मुलाला जड जातं. एक वस्तू धरली की जमतं. सिंड्रेलाच्या बाबतीत ती वस्तू अर्थात जोडा. पेरोचा काचेचा, ग्रिम बंधूंचा सोन्याचा, येशिएनचाही सोन्याचा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी स्ट्राबो या ग्रीक भूगोलकारानं इजिप्तमधली एक हकिकत लिहून ठेवली आहे. रोडोपिस नावाची बाई आंघोळ करत असताना गरुड तिची चप्पल पळवतो आणि मेम्फिसला न्यायदानाला बसलेल्या राजाच्या मांडीवर नेऊन टाकतो. राजा देशभर माणसं पाठवून तिला शोधतो आणि राणी करतो. हिच्यात सावत्र आई नाही, राख नाही, परी नाही. मग ही सिंड्रेला म्हणायची की नाही? यावर वर्ग अर्धा-अर्धा फुटतो. तो तसाच फुटलेला राहू द्यावा. अभ्यासकांचंही याबाबत एकमत नाही.

जोड्याच्या नादात आमच्याकडची गोष्ट सापडते. १८६८ साली लंडनमध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ नावाचं पुस्तक निघालं. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी फ्रिअर हिनं आपल्या आयेकडून, ॲना लिबेराता द सूझा यांच्याकडून ऐकलेल्या गोष्टी त्यात आहेत. त्यातल्या सोदेवाबाईचा जीव तिच्या गळ्यातल्या हारात असतो. फुलं वेचताना तिचा सोन्याचा जोडा डोंगरावरून घरंगळतो, खाली शिकारीला आलेल्या राजपुत्राला सापडतो आणि जोड्याच्या मालकिणीशी त्याचं लग्न होतं. पण राजपुत्राची पहिली बायको हार चोरवते. ती तो घाली तोवर, म्हणजे दिवसा, सोदेवाबाई मेलेली. रात्री हार काढून ठेवला की जिवंत. ही गोष्ट ऐकताना पोरं बाकावर पुढे सरकून बसतात. जोडा इथे फक्त लग्न जमवून निघून जातो, खरा खेळ हाराचा.

मग मी प्रश्न बदलते. जोडा कशासाठी लागतो? हरवलेल्या माणसाची ओळख पटावी म्हणून. मग ओळख आणखी कशानं पटते? व्हिएतनामच्या ताम आणि काम या सावत्र बहिणींच्या गोष्टीत जोडा आहेच, पण राजाला हरवलेली राणी दुसऱ्यांदा सापडते ती विड्यावरून. एका म्हातारीच्या झोपडीत त्याला पान देतात, घडी पाहून तो ओळखतो, हा तर आमच्या राणीच्या हातचा. विडा म्हटल्यावर सोलापूरच्या मुलांना काही समजावून सांगावं लागत नाही. कन्नडमध्ये ए. के. रामानुजन यांनी मिळवलेली हंचीची गोष्ट आहे. तिच्यात जोडा मुळीच नाही, मुलीचं रूप झाकणारा मातीचा मुखवटा आहे. आणि कुणीतरी हात वर करून शकुंतलेच्या अंगठीचं नाव घेतंच. तेव्हा सांगून टाकावं, की महाभारतातल्या शकुंतलेकडे अंगठी नाहीच, ती कालिदासानं तिच्या बोटात घातली. आपल्या घरच्या गोष्टीलाही दोन रूपं आहेत हे कळलं की ‘त्यांच्या’ गोष्टींकडे पाहायची नजर जरा सरळ होते.

४. भोपळा दिसला म्हणून भुलू नये

पेरोच्या भोपळ्यावरून वर्गाला हमखास आपली लेकीकडे निघालेली म्हातारी आठवते. “बाई, ही पण सिंड्रेलाच!” उत्साहावर पाणी ओतायचं नाही, पण इथे थांबून विचारायचं: भोपळा काढून दुसरं काही ठेवलं तर गोष्ट मोडते का? सिंड्रेलाची मोडत नाही. ती टोपलीतून गेली असती तरी चाललं असतं. म्हातारीची मोडते, कारण तिला लपायचं आहे आणि लपून पळायचं आहे. म्हातारीचे खरे नातलग वेगळे. उपेंद्रकिशोर रायचौधुरींच्या १९१० सालच्या ‘टुनटुनीर बोई’मध्ये एक कुबडी म्हातारी नातीकडे जाते आणि दुधीत बसून परत येते. इराणात म्हातारीला वाटेत लांडगा, बिबट्या आणि सिंह भेटतात, तीही लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन येते म्हणून सांगते आणि भोपळ्यातून गडगडत परतते. लाल भोपळा मुळात अमेरिका खंडातला, कोलंबसानंतर जगभर पसरलेला, तेव्हा पेरोची बग्गी त्या मानानं नव्या भाजीची. हे मी शास्त्राच्या तासाला सांगायचं ठरवते आणि इथेच सांगून टाकते.

५. मुलांचा प्रश्न आपल्या प्रश्नाहून बरा असतो

ग्रिम बंधूंची आशेनपुटेल सांगत होते. त्यांच्याकडे परी नाही. बाप जत्रेला निघतो, काय आणू विचारतो. सावत्र मुली कपडे आणि मोती मागतात; ही मागते परतीच्या वाटेवर टोपीला लागेल ती पहिली फांदी. ती फांदी आईच्या थडग्यावर लावते, रडून रडून तिला पाणी घालते, तिचं हेझलचं झाड होतं आणि झाडावरचा पांढरा पक्षी तिला कपडे टाकून देतो. इतक्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, बाप जिवंत आहे?”

आहे. डिस्नेच्या सिनेमात तो सुरुवातीलाच मरतो, त्यामुळे कुणाला प्रश्न पडत नाही. पुस्तकात तो शेवटपर्यंत घरातच असतो. पेरो एका वाक्यात निकाल लावतो: बायको त्याच्यावर हुकमत गाजवायची, पोरगी तक्रार करती तर त्यानं तिलाच रागावलं असतं. ग्रिमांकडे तर राजपुत्र विचारतो, आणखी मुलगी आहे का घरात, तर हा म्हणतो, पहिल्या बायकोची एक खुरटलेली पोर आहे, ती काही तुमची नवरी असणं शक्य नाही. त्याआधी, आत लपलेली ही आपलीच तर नाही, अशी शंका येऊनही त्यानं कबुतरखाना आणि पेरचं झाड कुऱ्हाडीनं तोडून पाहिलेलं असतं. सतराव्या शतकातल्या नेपल्सच्या बासिलेच्या गोष्टीत बाप परगावी जातो, सावत्र मुलींचं सगळं सामान घेतो, हिचं विसरतो. मग त्याचं जहाज बंदरातून हलेचना.

हे सगळं त्या एका प्रश्नामुळे बाहेर आलं. माझ्या टिपणात बाप नव्हताच. मुलांनी मग एकेका गोष्टीतल्या बापाची हजेरीच घेतली. एक म्हणाला, “भीत असंल बायकोला.” एक मुलगी, जिचे वडील यंत्रमागावर आहेत, जरा चिडूनच म्हणाली, “रात्रपाळी असेल त्याला.” दोन्ही उत्तरं फळ्यावर गेली. मला दुसरं जास्त पटलं. या कथांमधले बाप व्यापारी, सावकार, सरदार असतात. कामावरून दमून येऊन झोपलेला बाप कुणीच लिहिलेला नाही.

तेव्हापासून मी तयारी जरा कमी करते आणि पुस्तकं जास्त घेऊन जाते. प्रश्न आला की लगेच उघडून बघता आलं पाहिजे.

६. शिक्षा वगळावी, पण वगळली हे सांगावं

शेवट हा सगळ्यांत अवघड भाग. पेरोची सिंड्रेला बहिणींना मिठी मारते आणि दरबारातल्या सरदारांशी त्यांची लग्नं लावून देते. येशिएनच्या सावत्र आई-बहिणीवर दगड येऊन पडतात आणि त्या मरतात. गावकरी त्यांना पुरतात आणि तिथे नवस बोलायला लागतात. ग्रिमांकडे एकीनं जोड्यासाठी अंगठा कापलेला, दुसरीनं टाच, आणि लग्नाच्या दिवशी कबुतरं दोघींचे डोळे फोडतात. गंमत अशी, की १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत डोळे फोडणं नाही. १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते आलं. म्हणजे पुस्तक जास्त सोज्वळ होत चाललं असताना शिक्षा मात्र वाढली. सोज्वळपणाची ही तऱ्हा मुलांना लगेच कळते, मोठ्यांना समजावून सांगावी लागते.

मी कबुतरं सांगते. पाचवीच्या मुलांना ती झेपतात, त्यांना तर ती आवडतात. पण ताम आणि कामच्या प्रचलित शेवटात कामला उकळत्या पाण्यात मारून तिची चटणी तिच्या आईला खायला घालतात. ते मी त्या वयाला सांगत नाही. व्हिएतनाममध्येही शाळेत हा शेवट कसा सांगावा यावर वाद झालेले आहेत. मात्र “इथून पुढचं मी गाळते आहे, तुम्ही मोठे झाल्यावर वाचा,” असं मी स्पष्ट म्हणते. गुपचूप गाळलं तर आपणही १८१९ ची आवृत्ती काढली, आणि तीही न सांगता.

बासिलेची झेझोला तर स्वतःच पहिल्या सावत्र आईच्या मानेवर पेटीचं झाकण आपटून तिला मारते. हे मी सातवीपर्यंत राखून ठेवते. चांगली मुलगी म्हणजे सोसणारी मुलगी, हे समीकरण तोपर्यंत त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं आणि त्याला धक्का द्यायला झेझोला उपयोगी पडते.

शिक्षा द्यावी की माफ करावं यावर मी मत मागत नाही, कारण मुलं बाईंना आवडेल ते बोलतात. त्याऐवजी विचारते, लग्नानंतर बहिणी कुठे राहायला गेल्या? मग खरी मतं बाहेर येतात. “दरबारातच ठेवलं तर परत तरास देतील,” हे व्यवहारज्ञान मला पेरोच्या क्षमेवरची सगळ्यांत नेमकी टीका वाटली.

७. ‘ते लोक असेच’ हे वाक्य तिथल्या तिथे अडवावं

तुलनेचा मोठा धोका हाच. एक गोष्ट ऐकली की मुलं लगेच म्हणतात, “चिनी लोक माशाची पूजा करतात”, “जर्मन लोक डोळे फोडतात”. मोठ्यांच्या भाषणांत हेच जरा सजवून येतं: अमुक देशाची गोष्ट म्हणजे तिथल्या संस्कृतीचा आरसा. मला हा आरसा फार संशयास्पद वाटतो.

उपाय म्हणून प्रत्येक गोष्टीखाली मी तीन ओळी लिहायला लावते. सांगितली कुणी, लिहिली कुणी, वाचणार कोण. येशिएनची गोष्ट लिहिली चिनी दरबारी माणसानं, पण त्याला सांगितली दक्षिणेकडच्या, आजच्या नाननिंगच्या भागातून आलेल्या त्याच्या घरच्या एका नोकरानं, आणि ती त्या भागातल्या डोंगरी टोळ्यांची. तिला सरसकट ‘चिनी’ म्हणणं म्हणजे नोकराची गोष्ट मालकाच्या नावावर चढवणं. ग्रिमांच्या ‘जर्मन’ गोष्टींपैकी कितीतरी त्यांना हासनफ्लुग घराण्यातल्या मुलींनी सांगितल्या, आणि त्या घराण्याची मुळं फ्रान्समधून आलेल्या ह्युगनॉट लोकांत. ॲना द सूझांचे आजोबा लिंगायत, मूळचे कालिकतचे. गोव्याकडे आले आणि ख्रिस्ती झाले. ॲनाबाईंनी गोष्टी ऐकल्या आजीकडून, सांगितल्या गव्हर्नरच्या मुलीला, आणि छापल्या गेल्या इंग्लंडातल्या वाचकांसाठी. आता सोदेवाबाई कुणाची? मराठी, कन्नड, गोव्याची, इंग्रज? चार भाषांच्या माझ्या वर्गाला यात अवघड असं काहीच वाटत नाही. त्यांच्यातल्या निम्म्यांचं घर असंच आहे.

तीन ओळींचा आणखी एक फायदा. सांगणाऱ्या बहुतेक बायका, लिहिणारे बहुतेक पुरुष, हे मुलींच्या लक्षात येतं. रामानुजन यांचं एक निरीक्षण इथे कामी येतं: पुरुष नायक असतो तिथे कथा लग्नाशी संपते, बाई नायिका असते तिथे पुष्कळदा लग्नानंतर सुरू होते. सोदेवाबाई, ताम, येशिएन, सगळ्यांचं तसंच. पेरोनं बरोबर लग्नापाशी पडदा पाडला.

८. सावत्र आई वर्गातही असू शकते

थोडक्यात सांगते. दर वर्षी वर्गात एखादं मूल असतं ज्याची आई सावत्र आहे आणि चांगली आहे. म्हणून सुरुवातीलाच सांगावं की स्नोव्हाइटच्या १८१२ च्या आवृत्तीत वाईट राणी ही सख्खी आई होती, पुढच्या आवृत्तीत ग्रिमांनी ती सावत्र केली. हॅन्सेल आणि ग्रेटेलच्या आईचंही पुढे तेच झालं. सख्ख्या आईनं असं वागणं वाचकांना सोसलं नसतं, म्हणून दोष दुसरीवर. एवढी माहिती पुरते. त्यावर उपदेश करू नये आणि त्या मुलाकडे पाहूही नये.

९. घरची गोष्ट लिहून मागू नये

“आजीला विचारून गोष्ट लिहून आणा” म्हटलं की गृहपाठ होतो. आई लिहून देते, किंवा मोबाइलवरून उतरवलेली येते. ऐकून या आणि इथे सांगा, एवढंच म्हणावं. तेलुगू घरातलं मूल मराठीत सांगता सांगता आजीचं एखादं वाक्य तेलुगूतच टाकतं, कारण त्याच्या कानात ते तसंच बसलेलं असतं. बाकीच्यांना अर्थ कळत नाही, तरी ते वाक्य सगळा वर्ग शनिवारभर म्हणत फिरतो.

काही घरांत गोष्ट सांगणारं कुणी नसतं. आई-वडील दोघं कामावर, आजी गावी. त्या मुलांना मोकळ्या हातानं आल्याची लाज वाटू देऊ नये. त्यांनी वर्गात ऐकलेली एखादी गोष्ट घरी नेऊन सांगावी आणि घरचे काय म्हणाले ते आणावं. येशिएनच्या हावऱ्या राजाची हकिकत ऐकून एका आईनं विचारलं, हाडं नेली समुद्रानं, पण सोनं गेलं कुठं? चिनी पुस्तकात याचं उत्तर आहे. राजानं हाडांभोवती सोनं आणि पोती भरभरून मोती पुरले होते, तेही लाटांबरोबर गेले. ती ओळ मी गोष्ट सांगताना गाळली होती, आता गाळत नाही.

पालकांपैकी कुणी ना कुणी विचारतंच, परीक्षेत याचे मार्क आहेत का. नाहीत म्हणून सांगते.

१०. पुढची गोष्ट निवडताना शेवट बघावा

एका कथेवर वर्ष काढलं की पुढची कोणती, हा प्रश्न येतो. जिच्या रूपांचे शेवट एकमेकांशी भांडतात ती घ्यावी. या जूनपासून लाल टोपीवाली घेणार आहे. पेरोच्या पुस्तकात लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट संपते, वाचवायला कुणी येत नाही. ग्रिमांकडे शिकारी लांडग्याचं पोट फाडून आजी-नातीला बाहेर काढतो. आणि १८८५ च्या सुमारास फ्रान्सच्या निव्हर्ने भागात टिपलेल्या एका तोंडी कथेत ना शिकारी आहे ना लाल टोपी. अंथरुणात लांडग्याशेजारी पडलेली मुलगी म्हणते, मला बाहेर जायचंय, लागली आहे. लांडगा म्हणतो, इथेच कर. ती हट्ट धरते. तो तिच्या पायाला लोकरीचा दोरा बांधून सोडतो, ती बाहेर जाऊन दोरा अंगणातल्या झाडाला बांधते आणि घरी पळते. म्हातारीच्या भोपळ्याशेजारी ठेवायला हीच गोष्ट योग्य. फक्त ती सांगायच्या शनिवारी शेजारच्या वर्गाच्या बाईंना आधी कल्पना देऊन ठेवावी लागेल, कारण “इथेच कर” ऐकल्यावर आमचा वर्ग अर्धा तास तरी आवरायचा नाही.